गरजांची उतरंड
(अभ्यासपाठ)



समजा, रात्रीच्या शाळेंत दिवा लागला आहे, मुलें पाट्या घेऊन बसलीं आहेत, आणि मागच्या रांगेंतील एक मुलगा भिंतीला टेकून पेंगत आहे. गुरुजी त्याला एकदां हांक मारितात, दोनदां मारितात, आणि तिसऱ्या वेळीं रागावून म्हणतात, "तुला शिकावयाचेंच नाहीं!" कदाचित् गुरुजींचें म्हणणें खरें असेल. परंतु तो मुलगा सकाळपासून उपाशी असला तर? घरीं रोज भांडण होत असल्यामुळें त्याला रात्रीं झोप लागत नसली तर? किंवा काल सर्वांदेखत त्याची टर उडविली गेली म्हणून आज त्यानें मनाचें दार लावून घेतलें असलें तर? बाहेरून दिसणारें पेंगणें एकच आहे. पण आंतील कारणें निरनिराळीं आहेत, आणि कारण ओळखल्यावांचून केलेला उपाय व्यर्थ जातो.

मनुष्य जें करितो तें कां करितो, आणि जें करावयास पाहिजे तें कां करीत नाहीं, हा प्रश्न शिक्षक, उपदेशक, आईबाप व पंच ह्या सर्वांना रोज पडतो. ह्या प्रश्नाचें एक सुप्रसिद्ध उत्तर अमेरिकेंतील मानसशास्त्रवेत्ते अब्राहाम मॅस्लो ह्यांनीं १९४३ सालीं मांडिलें. तें उत्तर काय आहे, तें कोठवर खरें उतरलें, आणि त्याचा चुकीचा अर्थ घेतल्यास कोणता अन्याय घडतो, ह्या तीन गोष्टींचा आज आपण अभ्यास करूं.

१. हा विचार कोणीं मांडिला

मॅस्लो ह्यांचा जन्म १ एप्रिल १९०८ रोजीं न्यू यॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांत झाला. त्यांचे आईबाप रशियांतून अमेरिकेंत येऊन राहिलेले यहूदी होते. सात भावंडांत ते सर्वांत वडील. यहूद्यांविषयींच्या द्वेषाचे चटके त्यांस लहानपणींच बसले. बाळपण एकाकी गेलें, आणि पुस्तकें हेच त्यांचे सोबती झाले. विस्कॉन्सिन विद्यापीठांत हॅरी हार्लो ह्यांच्या हाताखालीं माकडांच्या वर्तनाचा अभ्यास करून त्यांनीं १९३४ सालीं डॉक्टर ही पदवी मिळविली. पुढें १९३७ पासून १९५१ पर्यंत ब्रुकलिन कॉलेजांत, व त्यानंतर ब्रँडाइस विद्यापीठांत त्यांनीं अध्यापन केलें. ८ जून १९७० रोजीं ते मरण पावले.

त्यांच्या आयुष्यांतील दोन प्रसंग येथें सांगण्याजोगे आहेत. १९३८ च्या उन्हाळ्यांत ते कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतांत ब्लॅकफूट नांवाच्या मूळच्या रहिवाशांमध्यें कांहीं आठवडे राहिले. ज्यानें पुष्कळ सांठविलें तो मोठा नव्हे, तर ज्यानें पुष्कळ वाटून दिलें तो मोठा, अशी त्या लोकांची रीत पाहून त्यांस नवल वाटलें. दुसरा प्रसंग १९४१ च्या अखेरचा. अमेरिका नुकतीच महायुद्धांत उतरली होती. रस्त्यानें जाणारी एक लहानशी, दीनवाणी मिरवणूक पाहून आपल्या डोळ्यांस पाणी आलें, आणि मनुष्य मनुष्याला समजूं लागल्यावांचून युद्धें मिटणार नाहींत असें वाटून आपण ह्या अभ्यासास वाहून घेतलें, असें त्यांनीं पुढें सांगितलें आहे. दीड वर्षानें त्यांचा तो प्रसिद्ध लेख निघाला.

२. पांच थर

आपल्या घरांत कोपऱ्यांत मडक्यांची उतरंड असते. सर्वांत मोठें मडकें खालीं, त्यावर त्याहून लहान, त्यावर आणखी लहान. खालचें मडकें डळमळलें कीं वरचीं सर्व डळमळूं लागतात. मॅस्लो ह्यांनीं मनुष्याच्या गरजांची अशीच कांहींशी मांडणी केली. ती खालून वर अशी आहे:

पहिली, शरीराची गरज. अन्न, पाणी, श्वास, झोप, ऊब. ह्यांवांचून प्राण राहत नाहीं.

दुसरी, निर्भयतेची गरज. आजचें पोट भरलें, पण उद्यांचें काय? रात्रीं छप्पर राहील काय? दंगा, रोग, सावकार, मारहाण ह्यांपासून रक्षण होईल काय? मॅस्लो म्हणतात कीं, ही गरज लहान मुलांत फार स्पष्ट दिसते. मुलाला दिवसाचा नेम पाहिजे असतो. आज एक नियम आणि उद्यां दुसरा, एकाला माफी आणि दुसऱ्याला मार, असें झालें कीं त्याला सारें जगच बेभरंवशाचें वाटूं लागतें.

तिसरी, प्रेमाची व आपलेपणाची गरज. आपण कोणाचे तरी आहों, आपल्यासाठीं कोणी वाट पाहतें, मंडळींत आपली एक जागा आहे, असें वाटणें. ह्यांत प्रेम घेणें जितकें येतें तितकेंच प्रेम देणेंही येतें.

चवथी, मानाची गरज. हिचीं दोन अंगें आहेत. एक, आपल्या हातून कांहीं होतें, आपण कोणावर भार नाहीं, हा स्वतःविषयींचा विश्वास. दुसरें, लोकांनीं आपल्याला किंमत देणें. मॅस्लो ह्यांच्या मतें खरा मान खऱ्या कर्तबगारीवर उभा राहतो. पोकळ स्तुतीनें तो टिकत नाहीं.

पांचवी, आपल्या ठायीं जें बीज आहे तें पूर्ण वाढविण्याची गरज. ज्याच्या बोटांत सूर आहे त्याला वाजविल्यावांचून चैन पडत नाहीं. ज्याला शिकविण्याची देणगी आहे तो चार मुलें दिसलीं कीं शिकवूं लागतो. चांगली आई होणें, चांगला सुतार होणें, नवें यंत्र काढणें, ज्याचें त्याचें रूप निराळें. ह्या गरजेस मॅस्लो ह्यांनीं जो शब्द वापरला तो त्यांनीं कुर्ट गोल्डश्टाइन नांवाच्या वैद्यापासून घेतला होता. मराठींत आपण तीस आत्मविकासाची गरज म्हणूं.

३. ही उतरंड कशी चालते

मॅस्लो ह्यांच्या सिद्धांताचीं मुख्य सूत्रें दोन. पहिलें असें कीं, जी गरज भागली ती मनुष्याला ढकलीत नाहीं. पोटभर जेवलेल्याला भाकरीचें आमिष दाखवून कोणी काम करवूं शकत नाहीं. दुसरें असें कीं, खालची गरज फारच अपुरी राहिली म्हणजे ती सर्व मन व्यापून टाकिते. मग त्या मनुष्याच्या आशा, स्वप्नें आणि बोलणें हीं सर्व तिच्याच रंगाचीं होतात.

दुसऱ्या सूत्राचें एक हृदयद्रावक उदाहरण थोड्याच काळानें घडलें. तें मॅस्लो ह्यांचा सिद्धांत पारखण्यासाठीं केलेलें नव्हतें. तथापि त्याचा ह्या पाठाशीं जवळचा संबंध आहे. महायुद्धामुळें युरोपांत लोक उपाशी होते. उपासमारीनें खंगलेल्या शरीराला पुन्हां कसें उभें करावें हें शिकण्यासाठीं मिनेसोटा विद्यापीठांतील अँसेल कीज ह्यांनीं नोव्हेंबर १९४४ मध्यें एक प्रयोग आरंभिला. त्यासाठीं ३६ धडधाकट तरुण आपण होऊन पुढें आले. हे सर्व विवेकबुद्धीस्तव शस्त्र हातीं घेण्यास नाकारणारे होते. त्यांच्यांतील पुष्कळ जण क्वेकर, मेनोनाइट व ब्रदरेन ह्या शांतिवादी मंडळ्यांतील होते. आपण लढणार नाहीं, पण दुसऱ्यांच्या दुःखाचा कांहीं वाटा उचलूं, अशी त्यांची भावना होती.

बारा आठवडे त्यांस पुरेसें अन्न देऊन त्यांची नीट पाहणी केली. त्यानंतर २४ आठवडे त्यांचें अन्न जवळजवळ निम्म्यावर आणिलें: दिवसांतून दोन वेळां, बहुतेक बटाटे, सलगम, पाव असें. त्यांच्या शरीराचें सुमारें एक चतुर्थांश वजन उतरलें. पण ह्याहून विशेष गोष्ट मनाची. विनोद आटला, मित्रांचा सहवास नकोसा झाला, क्षुल्लक गोष्टीवरून चिडणें वाढलें. जगांत महायुद्धाचा शेवट होत होता, पण ह्या तरुणांचें लक्ष जेवणाच्या घंटेकडे. ते पाकशास्त्राचीं पुस्तकें धर्मग्रंथ वाचावेत तशीं वाचूं लागले, अन्नाचीं स्वप्नें पाहूं लागले, आणि ताट चाटून स्वच्छ करूं लागले. हे कांहीं हावरे लोक नव्हते. हे ध्येयवादी, सुशिक्षित तरुण होते. भूक कोणाच्याही मनाचें काय करूं शकते हें त्यांनीं आपल्या देहावर लिहून दाखविलें.

आतां ह्याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. हे तरुण भुकेले झाले ते कोणी बांधून घातलें म्हणून नव्हे. दार उघडें होतें, आणि बाहेर अन्नाचीं दुकानें होतीं. तरीही त्यांच्यांतील बहुतेकांनीं शेवटपर्यंत वचन पाळिलें. खालचें मडकें रिकामें असतां वरचीं पडलीं पाहिजेत, असें उतरंडीचें गणित सांगतें; पण येथें वरच्या मडक्यानें खालच्यास धरून ठेविलें. म्हणून उतरंडीची उपमा आपण जपून वापरली पाहिजे.

४. मॅस्लो ह्यांनींच घातलेल्या मर्यादा

पुष्कळांस वाटतें कीं, एक गरज पूर्ण भागल्यावांचून दुसरी जागीच होत नाहीं, असें मॅस्लो म्हणाले. तें खरें नव्हे. मूळ लेखांतच त्यांनीं समजुतीसाठीं कांहीं कल्पित आंकडे घातले आहेत: एखाद्या साधारण मनुष्याच्या शरीराच्या गरजा शेंकडा ८५, निर्भयतेच्या ७०, प्रेमाच्या ५०, मानाच्या ४० आणि आत्मविकासाच्या १० इतक्या भागलेल्या असूं शकतील. म्हणजे पांचही गरजा एकाच वेळीं अंशतः भागलेल्या व अंशतः अपुऱ्या असतात. हे आंकडे मोजून काढलेले नव्हेत, हेंही त्यांनीं स्पष्ट सांगितलें.

ही मांडणी लोखंडी चौकटीसारखी ताठ नाहीं, हेंही त्यांनींच लिहिलें. कोणाला प्रेमापेक्षां मान अधिक प्रिय असतो. कोणी कलेपायीं उपाशी राहतो. आणि जे एखाद्या तत्त्वासाठीं सर्वस्व सोडून देतात व हुतात्मे होतात, त्यांचा त्यांनीं मुद्दाम उल्लेख केला. ज्यांच्या गरजा बाळपणीं चांगल्या भागल्या, त्यांच्या अंगीं पुढें उणीव सोसण्याचें बळ येतें, असें त्यांचें अनुमान होतें. बोलण्याची मोकळीक, न्याय व सरळपणा ह्यांवांचून ह्या गरजा नीट भागूंच शकत नाहींत, हेंही त्यांनीं तेथेंच नमूद केलें आहे.

आणखी एक गोष्ट. ज्या त्रिकोणी चित्रानें हा विचार आज शाळांत व कारखान्यांत दाखविला जातो, तें चित्र १९४३ च्या लेखांत नाहीं. तसा आकार चार्ल्स मॅकडर्मिड ह्यांनीं १९६० सालीं एका व्यापारविषयक नियतकालिकांत छापिला. चित्र सोपें, म्हणून तें सर्वत्र पसरलें. पण चित्राबरोबर लेखांतील सावधगिरीचे शब्द गेले नाहींत.

५. पुढील शोधांनीं काय दाखविलें

मॅस्लो ह्यांचे गुरु हार्लो ह्यांनीं १९५८ सालीं माकडांच्या पिलांविषयीं एक शोध प्रसिद्ध केला. जन्मतांच आईपासून दूर केलेल्या पिलांस त्यांनीं दोन खोट्या आया दिल्या: एक उघड्या तारेची, दुसरी मऊ कापडाची. कांहीं पिलांना दूध तारेच्या आईपाशींच मिळे. ज्या ठिकाणीं दूध, त्याच ठिकाणीं माया जडेल, असें तेव्हां पुष्कळ विद्वान् समजत. परंतु तीं पिलें दूध पिण्यापुरतीं तारेपाशीं जात, आणि बाकीचा बहुतेक वेळ कापडाला बिलगून राहत. भीति वाटली कीं कापडाकडेच धांवत. त्या मुक्या जिवांवर झालेली ही निष्ठुरता आज कित्येकांस पटत नाहीं, आणि तें योग्यच आहे. तथापि एवढें निश्चित दिसलें कीं, मायेची गरज ही दूध पिऊन उरलेल्या वेळची हौस नव्हे. ती दुधाइतकीच जुनी आहे.

१९७६ सालीं वाहबा व ब्रिडवेल ह्या दोन विद्वानांनीं तोंवर झालेल्या परीक्षा एकत्र करून तपासल्या. गरजा नेमक्या ह्याच क्रमानें येतात, ह्याला त्यांस फारसा आधार सांपडला नाहीं. २०११ सालीं टे व डीनर ह्यांनीं १२३ देशांतील साठ हजारांहून अधिक लोकांच्या उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत दिसलें तें असें: ह्या गरजा सर्व देशांतील मनुष्यांत आहेत, आणि त्या भागल्यानें सर्वत्र सुख वाढतें, परंतु ज्यांचें अन्नवस्त्र अजून पुरतें भागलें नाहीं त्यांनाही स्नेहानें व मानानें सुख होतें. म्हणजे गरजांची यादी पुष्कळ अंशीं खरी ठरली. क्रम मात्र सैल ठरला.

६. चुकीचा अर्थ व त्यांतून होणारा अन्याय

वाचकहो, येथें आपण थांबून विचार केला पाहिजे. ह्या सिद्धांताचा एक विपरीत अर्थ फार सहज घेतला जातो: "गरिबाला आधीं भाकर द्या, मानाचें मागाहून पाहूं." हें ऐकावयास दयेचें वाटतें. पण समजा, दुष्काळांत धान्य वाटलें जात आहे. वाटणारा रांगेंतील म्हातारीवर खेंकसतो, तिचें नांव विचारीत नाहीं, आणि धान्य तिच्या पदरांत वरून टाकितो. शेरभर धान्य पदरांत पडलें खरें. पण ती घरीं काय घेऊन गेली? ज्यांच्या वाडवडिलांनीं पाणीसुद्धां वरून ओतलेलें प्यालें आहे, त्यांना ह्या प्रश्नाचें उत्तर पुस्तकांत शोधावें लागणार नाहीं. भुकेल्या मनुष्याला मान नको असतो, असें ज्यांचें पोट भरलें आहे तेच म्हणतात.

उलट चूकही तितकीच वाईट. उपाशी घरांत जाऊन तासभर उपदेश करावा, आणि चूल कां थंड आहे हें विचारूं नये, ही ती चूक. मिनेसोटाच्या तरुणांचें स्मरण ठेवा. भुकेलें मन ऐकत नाहीं तें हट्टानें नव्हे. त्याला दुसऱ्या गोष्टीसाठीं जागाच उरलेली नसते.

आणि सर्वांत मोठी चूक तिसरी. आपल्या देशांत माणसांची उतरंड लावण्याची खोड फार जुनी आहे. नवा सिद्धांत हातीं आला कीं आपण त्यानेंही माणसें रचूं लागतों: हे खालच्या गरजांचे लोक, ह्यांना पोटापुरतें पुरे, आणि हे वरचे, ह्यांना विद्या व कला. मॅस्लो ह्यांची मांडणी अशी मुळींच नाहीं. ही उतरंड गरजांची आहे, माणसांची नव्हे. रोजमजुरी करणाऱ्या बाईच्या ठायीं पांचही गरजा आहेत, आणि बंगल्यांत राहणाऱ्याच्या ठायींही त्याच पांच आहेत.

७. आपल्या कामांत उपयोग

शिक्षकांनीं पेंगणाऱ्या मुलाला शिक्षा करण्यापूर्वीं खालून वर असे प्रश्न मनांत विचारावे. हा जेवला आहे काय? झोपला आहे काय? ह्याला घरीं किंवा वाटेंत कोणाचें भय आहे काय? वर्गांत ह्याचा सोबती कोण? मागील महिन्यांत ह्यानें केलेलें कोणतें काम आपण चांगलें म्हटलें? ह्याला कशाची आवड आहे हें आपणांस ठाऊक आहे काय? ह्या प्रश्नांस पैसा लागत नाहीं. लक्ष मात्र लागतें.

वर्गाचा नेम रोज एकच ठेवावा, आणि नियम सर्वांस सारखा लावावा. एवढ्यानेंही निर्भयतेची गरज पुष्कळ भागते. प्रत्येक मुलाला त्याच्या पूर्ण नांवानें हांक मारावी. ज्याला कांहींच येत नाहीं असें वाटतें, त्याला जमेल असें खरें काम द्यावें, आणि तें झाल्यावर खरी तेवढीच शाबासकी द्यावी. खोटी स्तुति मुलें ओळखतात.

मंडळींतील वडिलांनींही असाच विचार करावा. नवें कुटुंब गांवांत येतें तेव्हां आपण त्याला धान्य देतों, तें योग्यच. पण सभेंत त्यांनीं कोठें बसावें, त्यांच्या घरीं जेवावयास कोण जातो, त्यांच्या मुलीला वाचन कोण शिकवितो, आणि कोणतें काम विश्वासानें त्यांच्या हातीं सोंपविलें जातें? ज्याला सदा घ्यावेंच लागतें त्याचें पोट भरतें, पण मान वांकते. त्याला देण्याचीही संधि दिली पाहिजे.

मॅस्लो ह्यांचें स्वतःचें मतही आयुष्याच्या शेवटीं पुढें गेलें होतें. आत्मविकासाच्याही पलीकडे एक गोष्ट आहे, असें ते १९६७ च्या सुमारास सांगूं लागले: मनुष्य आपल्या स्वतःला विसरून आपल्याहून मोठ्या कार्यांत व दुसऱ्यांच्या हितांत रमतो, तीच त्याच्या वाढीची पूर्णता. ज्या तरुण प्राध्यापकास ब्लॅकफूट लोकांत देणारा मनुष्य मोठा मानिलेला दिसला होता, तोच उतारवयांत ह्या विचारास येऊन पोंचला, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

तर आतां पुन्हां त्या रात्रीच्या शाळेंत चला. दिवा जळत आहे, मुलगा पेंगत आहे. गुरुजींनीं छडी खालीं ठेवून त्याच्याजवळ बसावें आणि हळूच विचारावें, "बाळ, आज काय खाल्लेंस?" त्या प्रश्नांत अन्नाची विचारपूस आहे, अभय आहे, माया आहे आणि मानही आहे. शिक्षणाची सुरुवात तेथूनच होते.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. मॅस्लो ह्यांनीं सांगितलेल्या पांच गरजा क्रमानें सांगा, व प्रत्येकीचें एक उदाहरण आपल्या गांवांतील द्या.

२. मिनेसोटा येथील प्रयोगानें कोणत्या दोन परस्परविरुद्ध दिसणाऱ्या गोष्टी शिकविल्या?

३. "क्रम सैल ठरला" म्हणजे काय? हार्लो ह्यांच्या माकडांच्या पिलांवरून समजावून सांगा.

४. ही उतरंड गरजांची आहे, माणसांची नव्हे, ह्याचा अर्थ काय?

५. आपल्या मंडळींत असा कोण आहे कीं, ज्याला आपण सदा देतों, पण ज्याच्याकडून कधीं कांहीं मागत नाहीं? ह्या आठवड्यांत त्याच्याकडून आपण काय मागूं शकूं?